एका गुणाची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी खिडकीपाशी बसलो होतो. शेजारी चकलीची बशी होती, आणि एका विद्यार्थ्याला एक गुण वाढवून द्यावा की न द्यावा, या धर्मसंकटात मी सापडलो होतो. एवढ्यात आमचे चिरंजीव आले. यंदा ते अकरावीत आहेत. अभ्यास सोडून जगातल्या यच्चयावत् गोष्टींत त्यांना रस आहे, आणि त्यांत पहिला मान मोटारींच्या शर्यतींचा.

"बाबा, चार शर्यती जिंकलेला माणूस हरला आणि एकच जिंकलेला जगज्जेता झाला. हे कसलं गणित?"

मी मराठीचा प्राध्यापक. गणिताशी माझा संबंध पगाराच्या पावतीपुरता, आणि मोटारीशी त्याहून कमी. आमच्या दारात एक स्कूटर आहे. ती सुरू होईल की नाही हे तिच्या मर्जीवर असते. तरीही बापाने मुलापुढे अज्ञान कबूल करणे म्हणजे घरातल्या राज्यावर पाणी सोडणे. "कोण हा हरलेला?" मी सावधपणे विचारले.

"स्टर्लिंग मॉस. १९५८ साल."

नाव कानावरून गेलेले होते. संध्याकाळी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून चिरंजीवांच्या पुस्तकांत डोके घातले, ते दोन दिवस बाहेर काढले नाही. सौ.नी दोनदा आकाशकंदील लावायची आठवण केली. तो शेवटी शेजाऱ्यांच्या मुलाने लावला.

त्या दोन दिवसांत जे वाचले ते वाचकांना सांगावेसे वाटते. मोटारींची आवड नसलेल्यांनीही कंटाळू नये, कारण ही गोष्ट मोटारींची थोडी आणि माणसांची फार आहे.

* * *

फॉर्म्युला वन म्हणून ज्या शर्यती ओळखल्या जातात, त्यांतली मोटार एकासनी असते. चालकाशेजारी दुसरे माणूस बसायची सोयच नाही, चाकेही उघडी. वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येकीत क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात, आणि वर्षाअखेर ज्याचे गुण अधिक तो जगज्जेता. ही स्पर्धा १९५० साली सुरू झाली.

१९५८ च्या मोटारी आजच्यांसारख्या नव्हत्या. बहुतेकांत इंजिन पुढे, चालक त्याच्या मागे आणि पेट्रोलची टाकी त्याच्या पाठीशी. कमरेला पट्टा नाही. अंगात साधे सुती कपडे. अपघात झालाच तर मोटारीबाहेर फेकले जाणे हे आत अडकून जळण्यापेक्षा बरे, अशी त्या काळची समजूत होती. एवढ्यावरून त्या धंद्याची कल्पना यावी.

त्या वर्षी झुंज लागली ती दोन इंग्रजांत. दोघेही १९२९ साली जन्मलेले, दोघेही एकोणतीस वर्षांचे. एक स्टर्लिंग मॉस, व्हॅनवॉल कंपनीच्या हिरव्या मोटारीचा चालक. ठेंगणा, नेटका, कसबात एकही हात वाया न घालवणारा. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे तो जगात दुसरा आला होता. दुसरा माइक हॉथॉर्न, फेरारीच्या तांबड्या मोटारीचा. उंचापुरा, सोनेरी केसांचा, शर्यतीतही गळ्याला बो बांधून बसणारा. मनात आले तर वाऱ्यासारखा जाई, मनात नसले तर त्याचा तो जाणे.

मोटारीही त्यांच्या त्यांच्या परी. व्हॅनवॉल ही टोनी व्हॅंडरवेल नावाच्या कारखानदाराच्या जिद्दीतून निघालेली. बेअरिंगच्या धंद्यात मिळवलेला पैसा त्याने इटालियन मोटारींना हरवण्याच्या ध्यासापायी ओतला होता. फेरारीच्या मोटारीचे नाव होते डिनो. एन्झो फेरारीचा डिनो नावाचा तरुण मुलगा १९५६ साली वारला. मागे त्याचे नाव इंजिनावर राहिले. पुत्रशोकाला इतके मोठ्याने गर्जणारे स्मारक दुसरे नसेल.

त्या वर्षी या मोटारींनी घेतलेही फार. ६ जुलैला फ्रान्समध्ये रॅंस येथे फेरारीचा लुइजी मूसो गेला. ३ ऑगस्टला जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगवर पीटर कॉलिन्स गेला, अवघ्या सव्वीस वर्षांचा. कॉलिन्स हा हॉथॉर्नचा जिवलग मित्र; त्याची मोटार रस्त्याबाहेर जाताना हॉथॉर्न मागूनच येत होता. त्याने ते डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर हॉथॉर्नचे मन या खेळातून उडाले. पण वर्ष पुरे करायचे राहिले होते.

* * *

आता चिरंजीवांचे गणित. पहिल्याला आठ गुण, दुसऱ्याला सहा, मग चार, तीन, दोन. शिवाय शर्यतीत सर्वांत वेगाने एक फेरी मारणाऱ्याला एक गुण जादा. वर्षभराच्या शर्यतींपैकी ज्याच्या त्याच्या उत्तम अशा फक्त सहा धरायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. म्हणजे आमच्या परीक्षांतल्या 'कोणतेही सहा प्रश्न सोडवा' यासारखेच.

शेवटची शर्यत मोरोक्कोत. अटलांटिक महासागराच्या काठी कॅसाब्लॅंका शहर आहे. त्याच्या अँ-दियाब या उपनगरातल्या नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवर शर्यत व्हायची होती. एक फेरी ७.६१८ किलोमीटरची, अशा ५३ फेऱ्या. दिवस रविवार, १९ ऑक्टोबर १९५८.

शर्यतीपूर्वी हॉथॉर्नचे धरण्याजोगे गुण होते ४०, मॉसचे ३२. मॉसला शर्यत जिंकणे भागच होते, आणि वेगवान फेरीचा गुणही हवा होता: आठ आणि एक नऊ, एकूण ४१. पण तेवढ्यानेही भागत नव्हते. हॉथॉर्न दुसरा आला तर त्याचे होणार ४२. तिसरा आला तर त्याचे चार गुण आधीच्या एका चाराची जागा घेणार आणि तो ४० वरच राहणार. थोडक्यात, मॉसने सर्व काही करायचे, आणि हॉथॉर्नने दुसरे यायचे नाही. निम्मी गोष्ट मॉसच्या हातात होती, निम्मी नव्हती.

आपल्या हातात होते ते मॉसने चोख केले. सुरुवातीलाच पुढे गेला तो शेवटपर्यंत कोणाला सापडला नाही. सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. मागे व्हॅनवॉलचाच टोनी ब्रुक्स काही काळ हॉथॉर्नला झुंजवत होता. त्याने हॉथॉर्नला मागे ठेवले असते तर काम झाले असते, पण ब्रुक्सचे इंजिन मोडले. मग दुसरा होता फिल हिल हा अमेरिकन तरुण आणि तिसरा हॉथॉर्न. हिल फेरारीचाच. त्याला इशारा झाला, त्याने वेग कमी करून हॉथॉर्नला वाट दिली, आणि हॉथॉर्न दुसरा झाला.

पुढे मॉस एकटाच धावत होता. त्याच्यापुढे रस्ता मोकळा, शर्यत खिशात, आणि तरीही तो क्षणाक्षणाला हरत होता. पहिला येऊन हरणे म्हणजे काय, हे मला त्या वर्णनापर्यंत कधी कळले नव्हते.

अखेर मॉस पहिला, हॉथॉर्न दुसरा, हिल तिसरा. गुण: हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसने जिंकलेल्या शर्यती चार, हॉथॉर्नने एक. इंग्लंडला पहिला जगज्जेता चालक मिळाला तो असा.

पण त्या दिवशीचा हिशेब तेवढ्यावर मिटला नाही. शर्यत संपत आली असता व्हॅनवॉलचा तिसरा चालक स्टुअर्ट लुइस-एव्हान्स याचे इंजिन एकाएकी आवळले, चाके अडली, मोटार रस्त्याबाहेर गेली आणि पेटली. पेटत्या कपड्यांनिशी तो बाहेर पडला. व्हॅंडरवेलने त्याला विमानाने इंग्लंडला नेले. भाजलेल्यांवर उपचार करण्यात नावाजलेल्या ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात ठेवले. सहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, तो गेला. वय अठ्ठावीस. मोटार बनवणाऱ्या कंपनीसाठी जगज्जेतेपद त्याच वर्षी प्रथम सुरू झाले होते, आणि ते व्हॅनवॉलला मिळाले होते. व्हॅंडरवेलने ज्यासाठी इतकी वर्षे खटपट केली ते हाती आले, आणि त्याला ते गोड लागले नाही. थोड्याच महिन्यांत त्याने आपला संघ मोडला.

* * *

"म्हणजे मॉसचं नशीब फुटकं," चिरंजीव म्हणाले.

मीही तसेच म्हणालो असतो. पण वाचता वाचता मी कॅसाब्लॅंकाच्या बरोबर आठ आठवडे मागे, २४ ऑगस्टच्या रविवारी, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात जाऊन पोचलो होतो, आणि नशिबाचा मुद्दा तिथे मला लटका वाटू लागला होता.

पोर्तोची शर्यतही शहरातल्या रस्त्यांवर होती. फरसबंदी आणि मधून ट्रामचे रूळ. तिथे मॉस सहज जिंकत होता. मोटार-शर्यतीत चालकाला निरोप द्यायचा तो रस्त्याकडेला पाटी धरून. हॉथॉर्नने सर्वांत वेगवान फेरी मारली, हे सांगायला मॉसच्या माणसांनी हॉथॉर्नचे नाव आणि पुढे 'विक्रम' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे लिहिली. धावत्या मोटारीतून मॉसला शेवटचा 'सी' हा 'जी' दिसला. त्याने अर्थ घेतला, 'हॉथॉर्न नेहमीसारखाच आहे'. म्हणून त्याने वेग वाढवला नाही आणि तो एक गुण हॉथॉर्नकडे गेला. वाचकहो, मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. तो गुण मॉसने मिळवला असता तर वर्षाअखेर मॉस ४२ आणि हॉथॉर्न ४१ झाले असते. एका अक्षरापायी जगज्जेतेपद गेले! शुद्धलेखनाचे महत्त्व पटवायला वर्गात मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

पण खरी गोष्ट पुढची. शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची मोटार गरकन फिरली आणि बंद पडली. चढावर ती ढकलून सुरू होईना. मॉसची शर्यत संपली होती. जिंकल्यावरच्या सावकाश फेरीत तो तिथून चालला होता. हॉथॉर्नला घामाघूम झालेला पाहून त्याने ओरडून सांगितले, उताराच्या बाजूने ढकल. हॉथॉर्नने तसे केले, मोटार सुरू झाली, आणि दुसरा क्रमांक राहिला.

झाले! पंचांपुढे तक्रार गेली. शर्यतीच्या रस्त्यावर उलट दिशेने मोटार चालवणे हा गुन्हा. शिक्षा, शर्यतीतून बाद. उतार उलट दिशेला होता. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे सहा आणि वेगवान फेरीचा एक, असे सात गुण जाणार.

तेव्हा पंचांपुढे जाऊन साक्ष दिली ती मॉसने. आपण स्वतः पाहिले, असे त्याने सांगितले: हॉथॉर्नची मोटार उलट गेली ती पदपथावरून, शर्यतीच्या रस्त्यावरून नव्हे; म्हणून नियम मोडला नाही. पंचांनी ते मानले. सात गुण राहिले.

त्या दिवशी मॉसला हिशेब येत नव्हता असे नाही. पोर्तोला येताना हॉथॉर्न ३० वर होता, मॉस २४ वर. त्या शर्यतीचे आठ धरून मॉस ३२ वर गेला. हॉथॉर्न बाद झाला असता तर तो तीसवरच राहिला असता आणि मॉस दोन गुणांनी पुढे. मॉसने फक्त एवढेच करायचे होते: गप्प बसायचे. खोटे बोलायचे नव्हते, कोणाविरुद्ध तक्रार करायची नव्हती. 'माझे लक्ष नव्हते' म्हटले असते तरी जगाने त्याला बोल लावला नसता. आणि वर्षाअखेरचा हिशेब? ते सात गुण नसते तर हॉथॉर्नचे झाले असते ३९. मॉसचे ४१.

मॉसने जगज्जेतेपद कॅसाब्लॅंकाला गमावले नाही. ते त्याने पोर्तोला देऊन टाकले होते.

मराठीत 'गुण' हा शब्द मोठा सोयीचा आहे. परीक्षेत मिळतो तोही गुण, अंगी असतो तोही गुण. इतकी वर्षे हा शब्द मी शिकवतो, पण हे दोन गुण एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले.

* * *

इथवर सांगून चिरंजीवांना मी झोपायला पाठवले. मला मात्र झोप लागेना. कारण असे की, साक्ष द्यायची वेळ माझ्यावरही एकदा आली होती.

२००१ साल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या गावी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी होती. चिठ्ठी उचलायची, दहा मिनिटे शेजारच्या खोलीत बसून विचार करायचा आणि बोलायचे. कागद-पेन्सिल वापरायला बंदी. माझ्या आधीचा स्पर्धक लांबच्या तालुक्यातला एक मुलगा होता. शर्ट साधा, चप्पल झिजलेली. पण प्राथमिक फेरीत तो असा बोलला होता की मी मनातून हाय खाल्ली होती. त्याची चिठ्ठी अजून यायची होती. त्याने मला विचारले, "आमच्याकडे जायला शेवटची एस.टी. कधी?" मी गावचाच. सांगितले: एक सात दहाला, शेवटची पावणेनऊला. त्याने खिशातल्या कपट्यावर वेळा टिपल्या.

भाषण करून तो उतरला तेव्हा एका परीक्षकांनी विचारले, "तुमच्या मुठीत कागद होता. त्यावर काय लिहिलं होतं?" तो म्हणाला, "गाडीच्या वेळा, सर." कागद दाखवा म्हणाले, तर घामाने चुरगळलेला तो कपटा त्याने उतरता उतरता खिडकीबाहेर टाकला होता. सभागृहात हशा पिकला. परीक्षकांनी विचारले, "तयारीच्या खोलीत कोणी पाहिलं का?"

त्या खोलीत मी होतो. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

त्याला बाद केले. करंडक मला मिळाला. फिरता मोठा करंडक कॉलेजात राहिला, त्याची छोटी प्रतिकृती आमच्या कपाटात आहे. पुढे माझ्या नेमणुकीच्या अर्जातही त्या पारितोषिकाचा उल्लेख मी ठळक अक्षरांत केला. मी खोटे एक अक्षर बोललो नाही, अशी मनाची समजूत मी पुष्कळ वर्षे घालत आलो. मॉसने ती माझी सोय काढून घेतली.

तो मुलगा पुढे मराठीचाच प्राध्यापक झाला. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या पेपर तपासणीच्या वेळी एका टेबलावर आमची गाठ पडली. चहाच्या सुटीत मी धीर करून म्हणालो, "तुला आठवतं का, ती स्पर्धा? मी पाहिलं होतं रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "वेळा तूच सांगितल्या होत्यास की."

"मग तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "वाटलं, तू बोलशील."

पुढे आम्ही उत्तरपत्रिकांविषयी बोललो.

* * *

हॉथॉर्नने जगज्जेता होताच मोटार-शर्यतींचा निरोप घेतला. आता लग्न करावे, धंदा पाहावा, असे मनात होते. २२ जानेवारी १९५९ रोजी, कॅसाब्लॅंकाला पुरते शंभर दिवस होण्याच्या आत, इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर त्याची स्वतःची जॅग्वार घसरली आणि तो जागच्या जागी गेला. मोरोक्कोत जगज्जेतेपदाची शर्यत पुन्हा झाली नाही.

मॉस पुढे आणखी तीन वर्षे तिसरा आला. १९६२ साली गुडवूडला मोठा अपघात होऊन त्याची कारकीर्द थांबली. ६६ शर्यतींत १६ विजय, आणि जगज्जेतेपद एकदाही नाही. १२ एप्रिल २०२० रोजी नव्वदाव्या वर्षी तो वारला. पोर्तोविषयी त्याला जन्मभर विचारत राहिले, आणि त्याला त्याचा पस्तावा झाला असे तो कधी म्हणाला नाही. कोणी म्हणेल, त्याच्या साक्षीमुळे हॉथॉर्नला आयुष्यातले शेवटचे सुख मिळाले. मी तसे म्हणणार नाही. हे मॉसला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची त्याला गरजही वाटली नसती. जे पाहिले ते त्याने सांगितले, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांना मी माझीही गोष्ट सांगितली. बापाने मुलापुढे कबुली दिली तर घरातले राज्य जाते, ही माझी समजूत वर आलीच आहे. तसे काही झाले नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग तो कप अजून आपल्या कपाटात कसा?"

यंदा दिवाळीला मी त्या मित्राला सहकुटुंब फराळाला बोलावले आहे. कप काढून, चिंच लावून घासून ठेवला आहे. तो घेईल की हसून परत करील, हे मला सांगता येत नाही. शेवटची एस.टी. किती वाजता, हे मात्र या खेपेस मी त्याला कळवलेले नाही. मुक्कामालाच ये, असे लिहिले आहे.